शंभराचे साठ

डाळिंबवाल्याशी घासाघीस करता करता, एक डाळिंब कानाशी धरून बोटानं वाजवून बघता बघता प्रयोगशाळेतल्या नाइल्या आपा सहज म्हणून गेल्या, "आणि तुझ्या त्या यांगीकुमच्या कारखान्याला काही कमी पडायचं नाही हो, पोरी. निवृत्त होताना तुला आहेर करून गेलेय मी. त्या नव्या मालाचा जोर तुला पाऊणच सांगितलाय. आहे शंभर, लिहिलेत पंचाहत्तर. प्लॅन पुरा होईल, वर बक्षीस मिळेल, तेव्हा आठवण काढ म्हातारीची!" आणि लगेच डाळिंबवाल्याकडे वळून, "हे काय, दगड विकतोस होय रे? आत दाणे आहेत की नुसती सालच?" मव्जुदा हसली. ते हसू तिच्या तोंडावर तसंच चिकटून राहिलं. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं झालं तिला. ओलोय बाजारात ऑक्टोबरचं मऊ ऊन पडलं होतं. पलीकडे कुणीतरी तंदूरमधले नान टोपलीत रचत होतं. आणि तिला एकदम कळलं की आपल्याला भीती वाटते आहे, इतकी की हातातली पिशवी कुणाची आहे तेही क्षणभर आठवेना.

"आपा," ती म्हणाली, "पंचाहत्तर म्हणजे तुम्ही आधीच कापलेलं होतं?"

"मग? न कापता देईन होय? कुद्रतुल्ला साहेबांना एकदा न कापता दिलं, काय दशा झाली माणसाची! तुला कशी देईन तसं?"

"नेहमीच कापत होतात?"

"छे गं. पूर्वी चिमूटभर. शंभरात चार, पाच. हे शेवटचं काम म्हणून सढळ हातानं दिलं." आपांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "तोंड का उतरलं तुझं? उन्हात उभी राहिलीस म्हणून? घे, हे एक गोड आहे, घे."

मव्जुदानं डाळिंब घेतलं, रहमत म्हणून आभार मानले, आपांच्या दोन्ही गालांना गाल लावले, आणि ट्रॉलीबसच्या थांब्याकडे निघाली. धावली नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई, संस्थेच्या हिशेब विभागाची प्रमुख, भर बाजारात धावली तर लोक विचारतील काय झालं. काय सांगायचं? आपांनी शंभराचे पंचाहत्तर केले, आणि ते पंचाहत्तर खरे समजून मी त्यांचे साठ केले, हे सांगायचं?

ताश्कंदच्या त्या संस्थेत ती बावीस वर्षं एकच काम करत आली होती. रसायनांच्या कारखान्यांसाठी भट्ट्या आखायच्या. लोक भट्टी म्हणत, पण त्यात जाळ नसे. दोन मजली उंच पोलादी पिंप, त्यात चार हजारांवर उभ्या नळ्या, नळ्यांमध्ये ठासून भरलेल्या उत्प्रेरकाच्या इवल्या इवल्या कड्या, आणि नळ्यांच्या बाहेरून फिरणारं वितळलेलं मीठ. वरून मिथेनॉलची वाफ आणि हवा सोडायची, खालून फॉर्मालिन निघायचं. कड्यांना स्पर्श झाला की वाफ पालटते आणि पालटताना तापते. ती ऊब मिठानं वेळच्या वेळी वाहून नेली तर ठीक, नाही नेली तर ऊब उबेला वाढवते. म्हणून नळीच्या वरच्या हातभर भागात जिवंत कड्यांबरोबर चिनीमातीच्या मुक्या कड्या मिसळायच्या. तिखटात मीठ घालतात तसं नव्हे, तिखटात पीठ घालतात तसं, जोर मोडायला. किती मुक्या, किती जिवंत, हे ठरवणारी बाई म्हणजे मव्जुदा. त्यासाठी तिला एकच आकडा हवा असे, कड्यांचा जोर किती, आणि तो प्रयोगशाळेतून नाइल्या आपा देत. तो आकडा हातात आला की मव्जुदा दार लावून घेई आणि पहिल्या पानावर चढवण्याआधी त्यातला पाचवा हिस्सा गुपचूप खाली उतरवी. माल लेचापेचा निघाला, कामगारांनी नीट भरला नाही, वर्षभरात शिळा झाला, तरी उत्पादन कमी पडू नये म्हणून. पाहुणे दहा येणार असले तर पंधरांचा पुलाव शिजवावा, इतकी साधी गोष्ट. कुणाला बोलायची नाही. नवऱ्यालाही बोलली नव्हती. आणि यंदाच्या मालाचा खरा जोर शंभर असताना तो साठच आहे असं धरून तिनं मुक्या कड्या मोजून-मापून थोड्याशाच घातल्या होत्या.

पुलाव जास्त झाला तर शेजारी देता येतो. हे जास्त कुठं द्यायचं?

ट्रॉलीबसमध्ये बसायला जागा होती. सगळं शहर सरकारी हुकमानं कापूस वेचायला गेलं होतं, शाळा, कॉलेजं, दवाखान्यातल्या नर्सा, तिची स्वतःची मुलगीसुद्धा. घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि दोन वाजता यांगीकुममध्ये सरकारी पाहुण्यांच्या देखत मिथेनॉलचा व्हॉल्व्ह उघडणार होते. दोन वाजता. अजून दोन तास दहा मिनिटं आहेत, पुष्कळ आहेत, असं ती स्वतःला सांगत होती. पण यांगीकुममध्ये त्या पिंपाशेजारी तिचा नवरा, तुराब, उभा होता. संस्थेतर्फे जोडणीवर देखरेख करायला, नेहमीसारखा. परवा पहाटे निघताना त्यानं नानचा एक तुकडा दातानं तोडून खाल्ला होता आणि उरलेला नान तिच्या हातात देत म्हणाला होता, "टांग भिंतीला. परत येऊन संपवतो." लढाईवर जाणाऱ्या पोरांसाठी आया करतात ते. तो प्रत्येक वेळी थट्टेनं करी, आणि ती प्रत्येक वेळी चिडून म्हणे, "अहो, असल्या गोष्टींची थट्टा करू नये." खरं तर या खेपेला तिनं जायचं होतं. आखणाऱ्यानं पहिल्या दिवशी आपल्या भट्टीशेजारी उभं राहायचं, अशी रीतच होती. तिनं सासूच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. सासूचे गुडघे दुखत होते हे खरं, पण ते सात वर्षं दुखत होते.

ती पिंपांना भीत होती. हे संस्थेत कुणाला माहीत नव्हतं आणि सांगितलं असतं तर लोक हसले असते, कारण मव्जुदा म्हणजे कधी न चुकणारी बाई. पहिल्याच वर्षी तिला उत्तरेकडच्या एका कारखान्यात पाठवलं होतं. तिथं तिनं पिंपाच्या बाजूवरचा करडा रंग एका जागी फुगताना पाहिला होता, तळहाताएवढा, तव्यावरच्या पोळीसारखा. कुणीतरी म्हणालं, रंग वाईट असणार. ती बघत उभी राहिली. मग त्या फुगवट्याच्या मध्ये एक टिपका उमटला, गडद लाल, पिकल्या चेरीसारखा. मग कुणीतरी तिचा दंड धरून तिला ओढलं, आणि पायऱ्यांवरून उतरताना पाठीमागून जो आवाज आला तो तिनं कानांनी ऐकलाच नाही, दातांनी ऐकला. दोन माणसं गेली. त्यातला एक जण खाली येऊन पुन्हा वर गेला होता, आपला चहाचा पियाला विसरला म्हणून. चौकशी झाली आणि ठरलं की कामगारांनी शिस्त मोडली. तेव्हाचे विभागप्रमुख कुद्रतुल्ला साहेब यांचं पुढं जे झालं ते मात्र अगदी वेगळं. त्यांची भट्टी फुटली नाही, तापली नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त ठरलेल्यापेक्षा दहावा हिस्सा माल कमी निघाला. तेवढ्यावर त्यांना सभेत उभं केलं, दोन तास उभं ठेवलं. खुर्ची गेली, मग तब्येत गेली. त्या सभेत तिसऱ्या रांगेत बसून चोवीस वर्षांची मव्जुदा शिकली की माणसं मेली तर चूक मेलेल्यांची असते, आणि माल कमी निघाला तर जिवंतांची. तेव्हापासून ती कमी पडण्याला भ्यायला लागली. बावीस वर्षं ती एका दाराला कड्यावर कड्या घालत बसली आणि चोर दुसऱ्या दारानं आला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. फक्त हा ब्रह्मराक्षस तिनं स्वतःच्या पेन्सिलीनं काढलेला होता.

पण तुराब आहे ना तिथं, ती मनाशी म्हणाली. तीन नळ्यांमध्ये तापमापक आहेत. काटा वर चढला तर तो बंद करील. आणि तसं म्हणता म्हणताच तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण तुराब काय करील हे तिला पक्कं माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी फरगान्याकडच्या एका कारखान्यात काटा असाच भलतीकडे गेला होता. सगळे घाबरले, आणि तुराब छातीठोकपणे म्हणाला होता, "माझ्या बायकोच्या हिशेबात तीनशे चाळीसच्या वर जातच नाही. काटा बदला." काटा बदलला, आणि खरंच काटाच खोटा निघाला होता. ती गोष्ट त्यानं किती लग्नांत, किती सुन्नतींत, किती पुलावांच्या पंगतींत सांगितली असेल! लोक तिच्याकडे कौतुकानं बघत, ती मान खाली घालून ताटातला भात चिवडत राही, आणि आतून सुखावे. तेव्हापासून सगळ्या कारखान्यांत म्हण पडली होती, काट्यावर भरवसा नको, मव्जुदाच्या पानावर ठेवा.

संस्थेचे व्हरांडे रिकामे होते. कापसावर न गेलेली पाचसात आजारी माणसं आणि मुख्य अभियंता ओताजान कामिलोविच, एवढेच काय ते हजर. परगावचा फोन फक्त त्यांच्या खोलीत होता. ते खिडकीशी उभे राहून नानबरोबर द्राक्षं खात होते. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं आपण ओरडतो आहोत, पण आवाज इतका बारीक निघत होता की त्यांनी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. मग त्यांनी द्राक्षांची ताटली बाजूला ठेवली, उठून दार लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कागदावर आहे कुठं हे? कापलं म्हणून?"

"नाही."

"मग झालंच नाही ते. अहो बाई, वर्ष कुठलं चाललंय बघताय ना? कापसाचे आकडे फुगवले म्हणून रोज कुणी ना कुणी उचललं जातंय. तराजूवाल्यापासून थेट वरपर्यंत. आणि तुम्ही आपल्या पायानं चालत येऊन म्हणताय, आकडा खोटा आहे!"

"त्यांनी फुगवले. मी तर कमी केले."

"वा! मग तुरुंगात तुम्हाला खिडकीजवळची जागा देतील." त्यांचं स्वतःचं कपाळ घामानं चमकत होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते, दर नवरोझला सगळ्यांच्या घरी सुमलकची गोड खीर पाठवत. "तुराब आहे तिथं. मुरलेला माणूस आहे. बघेल तो. आणि समजा तुमचाच घोळ होत असेल? व्हॉल्व्ह थांबवला, पाहुणे परत गेले, आणि काही नव्हतंच, तर? कुणाची मान जाईल?"

समजा आपलाच घोळ होत असेल! किती गोड वाटलं ते ऐकून. एक क्षणभर ती त्या शब्दांत जाऊन बसलीसुद्धा. आपा म्हाताऱ्या झाल्यात, बढाई मारत असतील. नळ्या पुष्कळ आहेत, मीठ पुष्कळ आहे. घरी जावं, डाळिंब सोलावं, संध्याकाळी तुराबचा फोन येईल. तिनं डोळे मिटून साठच्या जागी शंभर घातले आणि हिशेब पुन्हा केला. असा हिशेब तिला झोपेतही येत असे. तीनशे चाळीस येईना. चारशेवरही थांबेना. पुढं आकडा थांबतच नव्हता, कारण त्या जागी गणिताला उत्तरच नव्हतं.

"फोन लावते," ती म्हणाली.

ओताजान कामिलोविचनी टोपी उचलली. "मी जेवायला गेलो होतो," ते म्हणाले. "खोली उघडी राहिली. काय बोललात, कुणाशी बोललात, मला ठाऊक नाही." आणि बाहेर पडून त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.

लाइन मिळायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास! एक्स्चेंजची मुलगी दर दहा मिनिटांनी म्हणे, "थांबा, यांगीकुम देत नाही." मव्जुदा दोन्ही हातांनी फोन धरून बसली होती. तिला लघवीला लागली होती, पण उठायची हिंमत होईना. तुरुंगाचा विचार येत होता, मुलीच्या कॉलेजचा येत होता, सभेत उभ्या कुद्रतुल्ला साहेबांची ढिली झालेली पँट डोळ्यांपुढं येत होती. लाज वाटत होती की तुराबचा जीव टांगणीला असताना आपल्याला पँट आठवते आहे. एकदा तर तिच्या मनात आलं, लाइन नाहीच मिळाली तर? तर माझ्याकडून प्रयत्न झालाच होता. असं मनात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. एक वाजून चार मिनिटांनी खरखर ऐकू आली आणि तिच्यापलीकडून तुराबचा आवाज, "हॅलो! कोण? जोरात बोला!"

"अहो, मी."

"तू? अगं, काय झालं? आईला बरं नाही का?"

"आई बऱ्या आहेत. मिथेनॉल सोडू नका."

"सोडलं की! पाहुणे लवकर आले, साडेबारालाच सोडलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आता पाहुणे जेवायला बसलेत. सगळं झकास आहे बघ. नुसते काटे बिघडलेत."

"किती दाखवतायत?"

"तीनशे शहाण्णव. तिन्हीच्या तिन्ही खोटारडे! आणि घंटा अशी कोकलत होती, शेवटी बंद केली तिला. मी यांना म्हटलं, बायकोच्या पानावर तीनशे चाळीस आहे. बदला काटे. काटेवाला गेलाय वर. मीपण निघालोच होतो, तेवढ्यात तुझा फोन आला म्हणून..."

"वर? पिंपावर?"

"मग, काटे काय तळघरात असतात?"

तिचे शब्द आले ते एकदम, एकमेकांवर पडत आले. "काटे खरे आहेत. ऐकताय ना? काटे खरे आहेत. पान खोटं आहे. मी खोटं केलंय. आपांनीही केलंय, मला माहीत नव्हतं. शंभराचे साठ झालेत. त्याला खाली बोलवा. आधी त्या माणसाला खाली बोलवा, मग मिथेनॉल बंद करा. अहो, जाऊ नका हो वर, तुमच्या पाया पडते, खालूनच हाक मारा!"

पलीकडे एक श्वास, दोन श्वास. वीस वर्षांचा संसार त्या दोन श्वासांत कुठल्या कुठं गेला आणि परत आला. मग फोन टेबलावर आपटला आणि तुराब ओरडला. त्याला असं ओरडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. कुणाचं तरी नाव, पुन्हा तेच नाव, मग धावती पावलं, लोखंडी जिन्याचा खणखणाट. तो खणखणाट वर जाणाऱ्याचा की खाली येणाऱ्याचा, ते तिला समजेना. ती फोन कानात खुपसून ऐकत राहिली. तिनं कुराणातल्या येतील तेवढ्या ओळी म्हटल्या. तिला फार येत नव्हत्या. कुणीतरी लांबून काहीतरी म्हणालं, कुणीतरी हसलं, बहुधा जेवणाऱ्यांपैकी. पिंप फुटल्याचा आवाज यायचा असेल तर तारेतून आधी येईल की आधी तार तुटेल, असा एक वेडगळ विचार तिच्या डोक्यात घिरट्या घालत होता. तिनं दात घट्ट मिटून घेतले.

"उतरला," तुराब धापा टाकत म्हणाला. "बंद केलं. हवा चालू ठेवलीय."

"काटा वाचा."

"चारशे एकवीस."

"वाचत राहा."

"चारशे सव्वीस. चारशे एकोणतीस." त्याचा आवाज सपाट झाला होता, शाळेत पाढे म्हणावेत तसा. "चारशे तीस. तीस. तीसच आहे. अजून तीस." मग बराच वेळ काही नाही. "चारशे सव्वीस." मग, "चारशे अठरा. उतरतंय गं."

ती रडली. आवाज न करता, तोंडावर हात दाबून. पलीकडे मोठमोठ्यानं कुणीतरी विचारत होतं की कुणाच्या हुकमानं बंद केलं. तिला ओळखू न येणाऱ्या आवाजात तुराबनं विचारलं, "किती वर्षं?"

"बावीस."

"आणि मी गावभर तुझं पान मिरवत हिंडत होतो." मग लगेच, "हा नवा माल आणखी कुठं भरलाय?"

हा प्रश्न आपल्या मनात आलाच नव्हता असं तिला म्हणता आलं असतं. पण तो आला होता, ट्रॉलीबसमध्येच आला होता, आणि तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आपलं माणूस वाचलं की बास, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, इतकी ती स्वार्थी झाली होती. उन्हाळ्याच्या बंदीत आणखी दोन ठिकाणी त्याच कड्या भरल्या होत्या. दोन्ही भट्ट्या सध्या अर्ध्या जोरानं चालल्या होत्या, आणि सोमवारपासून पुरा जोर लावायचा होता. त्या दोन ठिकाणी तिचं कुणी नव्हतं. तिथल्या माणसांची नावंसुद्धा तिला माहीत नव्हती.

"दोन ठिकाणी," ती म्हणाली.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस?" तुराब म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

एक्स्चेंजची मुलगी मध्ये आली. "ताश्कंद, बोलणं झालं?"

"नाही," मव्जुदा म्हणाली. "आणखी दोन गावं जोडून द्या. तातडीची." तिनं गावं सांगितली. भीती कमी झाली नव्हती, उलट आता पुढं तुरुंगातली वर्षं दिसत होती.

"कोण बोलतंय म्हणून सांगू?"

बाहेर व्हरांड्यात ओताजान कामिलोविच परत आल्याची पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"मव्जुदा युसुपोव्हा," ती म्हणाली. "हिशेब विभागाची प्रमुख. आकड्यात चूक झालीय म्हणून..." ती थांबली. "नाही. असं सांगा, आकडा खोटा लिहिला होता. लिहिणारी स्वतः बोलतेय."

"लाइनवर थांबा," मुलगी म्हणाली.

मव्जुदा थांबली.